स्पीकरला ‘लहान’ म्हणण्यात कमीपणा नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी घरातल्या सिनेमाबद्दल, म्हणजे ज्याला आपण ‘होम थिएटर’ म्हणतो त्याबद्दल बोलणार आहे. विषय यंत्राचा आहे, पण सुरुवात एका माणसापासून करतो.

नागपूरहून उमरेडमार्गे पुढे गेलं की भिवापूर लागतं. मिरचीचं गाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे माझे एक जुने स्नेही राहतात. रस्त्याच्या बाजूला त्यांचं जुनं कवेलूचं घर आणि मागे अलीकडे बांधलेली स्लॅबची खोली. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याने एका दिवाळीत घरच्यांसाठी मोठ्या हौसेने होम थिएटर आणलं. समोर दोन स्पीकर, टीव्हीखाली एक, मागे दोन, आणि कोपऱ्यात सबवूफरचं चौकोनी खोकं.

मी त्यांच्याकडे गेलो तो उन्हाळ्यात. संध्याकाळी सगळे सिनेमा बघायला बसले. पडद्यावर गाडी उलटली तसं कपाटातलं भांडं वाजलं, खिडकीची काच थरथरली. पण लगेच पुढच्या प्रसंगात नायकाचे वडील काहीतरी हळू आवाजात बोलले, ते कोणालाच नीट कळलं नाही. घरातले आबाजी, म्हणजे माझ्या स्नेह्यांचे वडील, हळूच उठले आणि बाहेर ओसरीत जाऊन बसले. वय ऐंशीच्या घरात. मी त्यांच्या मागे गेलो. आतून नातवाने विचारलं, “आबाजी, आवाज वाढवू का?” तर म्हणाले, “वाढवू नको बाप्पा. आवाज येऊन राहिला, शब्द नाही येऊन राहिले.”

मग मला म्हणाले, “झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र बसून पाह्यली मी. मंडपात पार मागे बसलो तरी शब्द न् शब्द कानावर यायचा. अन् इथं आठ फुटांवर बसून काही समजत नाही. कान गेले आता माझे.”

श्रोतेहो, वय झालं की कान मंदावतात हे खरं आहे. पण त्या संध्याकाळी दोष सगळा कानांचा नव्हता. बराचसा दोष यंत्राच्या मेनूतल्या एका शब्दाचा होता. तो शब्द म्हणजे ‘लार्ज’. नातवाने पाचही स्पीकर ‘लार्ज’ करून ठेवले होते. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “काका, एवढे पैसे देऊन आणले. स्मॉल कायले ठेवायचे?”

त्याचं म्हणणं स्वाभाविक आहे. आपल्या वस्तूला कोण ‘लहान’ म्हणेल? आणि नेमकं इथेच हजारो घरांत चुकतं. या ‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’चा स्पीकरच्या खोक्याच्या आकाराशी थेट संबंध नाही, त्याच्या किमतीशी तर मुळीच नाही. तो कामाच्या वाटणीचा प्रश्न आहे. ही वाटणी कशी होते आणि ती आपण कशी करायची, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी आवाजाबद्दल थोडं. आवाज म्हणजे हवेची कंपनं. एका सेकंदात जितकी कंपनं, तितके हर्ट्झ. निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. ज्यांनी हार्मोनियमला हात लावला आहे त्यांना सप्तक माहीत असतं. एक सप्तक वर गेलं की कंपनं दुप्पट होतात, खाली उतरलं की निम्मी. पांढरी एक या पट्टीतला मध्य सप्तकाचा सा सुमारे २६० हर्ट्झचा. मंद्र सप्तकातला सा १३० च्या जवळ. आणखी एक सप्तक खाली उतरलो की ६५. म्हणजे गवयाचा मंद्र जिथे संपत येतो, त्याच्याही खाली सबवूफरचं राज्य सुरू होतं. ढोलाचा दणका, ढगांचा गडगडाट, सिनेमातला स्फोट, यांचा पायाचा भाग तिथे असतो.

आता हे खालचे सूर स्पीकरला फार महाग पडतात. स्पीकरचा पुढचा कागदासारखा पडदा, ज्याला आपले मेकॅनिक ‘कोन’ म्हणतात, तो पुढेमागे हलून हवा ढकलतो. तितक्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर त्या कोनाला चौपट हलावं लागतं. समजा ८० हर्ट्झचा सूर काढताना कोन १ मिलिमीटर हलतो. मग तेवढ्याच जोरात ४० हर्ट्झचा सूर काढायला ४ मिलिमीटर आणि २० हर्ट्झसाठी १६ मिलिमीटर हलायला हवं. पाच इंची स्पीकरला हे झेपत नाही. त्याची ताकद काही मिलिमीटरची असते. त्यापलीकडे ओढलं की तो विव्हळतो, फाटतो, नाहीतर आतली तार जळते.

आपली नागपूर–नागभीड नॅरोगेजची गाडी पुष्कळांना आठवत असेल. २०१९ पर्यंत ती भिवापूरवरून धावायची. लहान रूळ, लहान डबे, पण आपलं काम चोख करायची. त्या गाडीवर कोणी ब्रॉडगेजच्या मालगाडीचा कोळसा लादला असता तर दोष गाडीचा म्हणायचा का? छोट्या स्पीकरला ‘लार्ज’ करणं म्हणजे हेच.

रिसीव्हर, म्हणजे ज्या पेटीला सगळे स्पीकर जोडलेले असतात, ती खरं तर वाहतूक नियंत्रण करणारी पेटी आहे. एखादा स्पीकर ‘लार्ज’ आहे असं तुम्ही तिला सांगितलं की ती समजते, याला वरपासून खालपर्यंतचे सगळे सूर झेपतात. मग ती सगळा माल त्याच्याकडे पाठवते. ‘स्मॉल’ सांगितलं की ती म्हणते, ठीक आहे, अमुक हर्ट्झच्या वरचं याच्याकडे आणि खालचं सबवूफरकडे. हा ‘अमुक हर्ट्झ’चा आकडा म्हणजे क्रॉसओव्हर. दोन शेतांच्या मधला धुरा समजा. वरचं रान स्पीकरचं, खालचं सबवूफरचं.

हा धुरा भिंतीसारखा उभा नसतो, उताराचा असतो. ८० वर धुरा ठेवला म्हणजे ७९ ला स्पीकर एकदम गप्प होतो असं नाही. बऱ्याच रिसीव्हरमध्ये स्पीकरचा आवाज धुऱ्याखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरत जातो. म्हणजे ४० हर्ट्झवर पोहोचेपर्यंत त्याच्यावरचा विजेचा भार साधारण सोळाव्या हिश्श्यावर येतो. उलट बाजूने सबवूफरचा आवाज धुऱ्याच्या वर चढताना असाच कमी होत जातो, बहुधा आणखी चढ्या उताराने. मधल्या पट्ट्यात दोघंही मिळून वाजतात आणि ऐकणाऱ्याला जोड कळत नाही. कळू नये, हीच चांगल्या वाटणीची खूण.

आता आबाजींच्या शब्दांकडे येऊ. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो, बाईच्या आवाजाचा त्याहून वर. पण शब्द ओळखू येतात ते पायामुळे नाही. क, त, स, फ ही व्यंजनं वेगळी कळतात ती २,००० ते ४,००० हर्ट्झ आणि त्याही वरच्या नाजूक आवाजांमुळे. ‘सात’ म्हणाला की ‘हात’ म्हणाला, हे तिथे ठरतं. वय वाढतं तशी हीच वरची बाजू आधी मंदावते. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, ऐकू येतं पण समजत नाही. आबाजींचं वाक्य नेमकं तेच होतं.

त्यात आणखी एक गोष्ट. खालचा जोरदार आवाज आपल्या कानात वरच्या हलक्या आवाजांना झाकून टाकतो. वरचा आवाज खालच्याला एवढा झाकत नाही. म्हणजे खोलीत गुरगुर वाढली की पहिला बळी व्यंजनांचा जातो. शिवाय टीव्हीखालचा मधला स्पीकर, ज्यातून बहुतेक संवाद येतात, त्यालाच स्फोट आणि ढोल ओढायला लावले की त्याचा कोन पुढेमागे झोके घेत असतो, आणि त्याच कोनावर स्वार होऊन माणसाचा आवाज बाहेर येतो. हलत्या बैलगाडीत बसून कोणी पत्र लिहावं, तसं अक्षर वेडंवाकडं उमटतं. घरचे लोक मग काय करतात? आवाज वाढवतात. त्याने गुरगुरही वाढते. शब्द जिथल्या तिथे राहतात आणि शेजारी जागे होतात.

यावर उपाय फुकट आहे. मेनूत जा, पाचही स्पीकर ‘स्मॉल’ करा, सबवूफर ‘येस’ आहे ना ते बघा, आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. पुष्कळ घरांत एवढ्याने निम्म्याहून अधिक काम होतं.

तुम्ही विचाराल, ८० च का? यामागे कानाचा एक स्वभाव आहे. फार खालचा सूर कुठून येतो आहे हे कानाला नीट ओळखता येत नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धावतो. त्या हिशेबाने ८० हर्ट्झची एक लाट चार मीटरहून लांब, म्हणजे सुमारे १४ फुटांची असते. आपल्या दोन कानांमधलं अंतर वीतभर. एवढ्या लांब लाटेत डावा-उजवा फरक जेमतेम लागतो. त्यामुळे ८० च्या खालचं सगळं एका कोपऱ्यातल्या खोक्यातून आलं तरी आपल्याला वाटतं, ते पडद्यावरूनच आलं. धुरा १५० किंवा २०० वर नेला की कान लगेच खोक्याकडे बोट दाखवतो. अमेरिकेतले ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होल्मन यांनी चित्रपटगृहांच्या आवाजासाठी जी टीएचएक्स नावाची मानकं घडवली, ती १९८३ पासून वापरात आली. पुढे घरातल्या सिनेमासाठी तशीच मानकं झाली आणि त्यातून ८० हर्ट्झ हा आकडा जगभर रूढ झाला.

पण ८० हा काही वेदातला मंत्र नव्हे. तुमचा स्पीकर किती खाली उतरू शकतो ते बघा. त्याच्या माहितीपत्रकात ‘६० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला पहिला आकडा घ्या आणि धुरा त्याच्या बराच वर ठेवा, साधारण अर्धं सप्तक वर. ६० चा स्पीकर असेल तर ८० किंवा ९०. ८० चा असेल तर ११० किंवा १२०. आणि मुठीएवढे छोटे स्पीकर असतील, जे ११० च्या खाली उतरतच नाहीत, त्यांना १५०. एवढ्या वर धुरा गेला तर सबवूफर मागे कुठेतरी ठेवू नका, समोरच्या स्पीकरजवळ ठेवा. नाहीतर माणूस पडद्यावर बोलेल आणि त्याच्या आवाजाचा पाया पाठीमागून येईल.

काही रिसीव्हरमध्ये प्रत्येक जोडीला वेगळा आकडा देता येतो. भिवापूरच्या घरात आम्ही तसंच केलं. समोरचे दोन आणि मधला ८० वर, मागचे चिमुकले दोन १५० वर. ज्या यंत्रात सगळ्यांना मिळून एकच आकडा असतो तिथे तडजोड करावी लागते. अशा वेळी समोरच्या तिघांचा विचार आधी करा, पण मागच्यांवर फार भार पडणार नाही इतपत आकडा वर घ्या. १०० किंवा १२० सहसा निभावून नेतो.

मग ‘लार्ज’ कोणी ठेवायचं? कमरेएवढे उंच, आठ-दहा इंची स्पीकर असलेले मोठे खांब असतील आणि सबवूफरच नसेल, तर समोरचे दोन ‘लार्ज’ ठेवायलाच हवेत. नाहीतर खालचे सूर जाणार कुठे? पण सबवूफर असेल तर मोठ्या खांबांनाही ‘स्मॉल’ केलेलं बहुधा चांगलं. कारण सबवूफरला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. खालच्या सुरांचा खर्च तो उचलतो, आणि रिसीव्हरची वीज संवाद आणि संगीतासाठी मोकळी राहते.

इथे आणखी एक गैरसमज दूर करतो. ‘५.१’ मधला ‘.१’ म्हणजे सबवूफर, असं लोक समजतात. ते पूर्ण खरं नाही. सिनेमाच्या आवाजात पाच पूर्ण वाहिन्या असतात आणि सहावी एक खास वाहिनी, फक्त दणक्यांची. ती १२० हर्ट्झपर्यंतच असते, म्हणून तिला पूर्ण एक न म्हणता दशांश एक म्हणतात. चित्रपटगृहांत ही डिजिटल रचना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. आता बघा, सगळे स्पीकर ‘लार्ज’ असले की सबवूफरकडे बहुतेक यंत्रांत फक्त ही दणक्यांची वाहिनी जाते. तुम्ही जुनी गाणी लावली, ज्यात दोनच वाहिन्या असतात, तर सबवूफर एकदम गप्प. मग लोक दुकानदाराला फोन करतात की सबवूफर बिघडला. तो बिघडलेला नसतो, त्याला कोणी काम दिलेलं नसतं.

मेनूत या खास वाहिनीसाठी वेगळा आकडा दिसला तर तो १२० वरच राहू द्या. त्याचा आणि क्रॉसओव्हरचा संबंध नाही. आणि ‘डबल बास’सारखा एखादा पर्याय असेल, ज्यात तेच सूर समोरचे स्पीकरही वाजवतात आणि सबवूफरही, तर तो बंद ठेवा. एकच काम दोघांना दिलं की ते एकमेकांच्या पायात येतात.

आता सबवूफरच्या पाठीमागे वळू. तिथे सहसा तीन गोष्टी असतात. एक क्रॉसओव्हरचं बटण, एक आवाजाचं आणि एक ‘फेज’ लिहिलेला खटका. रिसीव्हरमध्ये धुरा आखलेला असेल तर खोक्यावरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर फिरवून ठेवा, किंवा ‘एलएफई’ म्हणून वेगळी जागा असेल तर तार तिथे लावा. नाहीतर दोन धुरे पडतात, एक रिसीव्हरचा आणि एक खोक्याचा, आणि मधली जमीन कोणाचीच राहत नाही. आवाज पोकळ येतो. आवाजाचं बटण अर्ध्यावर ठेवून सुरुवात करा.

फेजच्या खटक्याला दोन जागा असतात, शून्य आणि १८०. एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने खटका बदलायचा. ढोलकीचं एखादं गाणं लावा. ज्या जागी खालचा आवाज खुर्चीत भरदार लागेल ती जागा बरोबर. दोन्हींत फरक कळला नाही तर शून्यावर ठेवा आणि विसरून जा. सगळ्या स्पीकरच्या लाल-काळ्या तारा मात्र एकदा तपासा, आणि त्या वेळी यंत्र बंद ठेवा. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या तर दोन स्पीकर एकमेकांचे खालचे सूर खाऊन टाकतात.

हल्ली बऱ्याच रिसीव्हरसोबत एक छोटा माईक येतो. तो खुर्चीवर ठेवायचा, यंत्र आपोआप टूं-टां आवाज काढून सगळं मोजून घेतं. ही सोय चांगली आहे, जरूर वापरावी. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीत कूलर चालू असतो. त्याची घरघर त्या माईकला ऐकू जाते आणि माप चुकतं. तेवढी दहा मिनिटं कूलर आणि पंखा बंद करा. सकाळी लवकर केलं तर घामही येत नाही. दुसरं म्हणजे मोजून झाल्यावर यंत्र पुष्कळदा समोरचे स्पीकर स्वतःच ‘लार्ज’ ठरवून टाकतं. मेनूत जाऊन ते हाताने ‘स्मॉल’ करा. यंत्राने दिलेला क्रॉसओव्हरचा आकडा तुम्ही वर नेलात तर चालतं, खाली मात्र आणू नका. आणि सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं तर घाबरू नका. त्याच्या आतल्या यंत्रणेत आवाजाला थोडा उशीर होतो, तो हिशेब त्यात धरलेला असतो.

आता खोली. भिवापूरची ती स्लॅबची खोली १५ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच होती. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एखाद्या ठरावीक सुराची लाट बरोबर बसते आणि घुमत राहते. १५ फुटांत ती ३८ हर्ट्झच्या आसपास बसते, १० फुटांत ५६ च्या आसपास. इथे रुंदी आणि उंची सारखी, म्हणजे ५६ ची दोनदा भर. म्हणून त्या खोलीत एकच सूर ‘घूं’ करून सारखा वर येत होता. जुन्या कवेलूच्या घरात हा त्रास कमी होतो, कारण खालचे सूर छपरातून निसटून जातात. टिनाचं छप्पर मात्र त्या सुरांनी स्वतःच खडखडायला लागतं.

खोली बदलता येत नाही, पण खोक्याची जागा बदलता येते. त्याची एक गमतीदार रीत आहे. सबवूफर उचलून तुमच्या नेहमीच्या बसायच्या जागी, सोफ्यावर ठेवा. खालच्या सुरांचं एक गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने वाकून, कान जमिनीजवळ नेऊन फिरा. लहान मुलांना हे काम फार आवडतं. जिथे खालचे सूर एकसारखे, न घुमता ऐकू येतील ती जागा खूण करून ठेवा आणि सबवूफर तिथे न्या. आवाज सोफ्यापासून त्या जागेपर्यंत जसा गेला, तसाच तिथून सोफ्यापर्यंत येतो. त्या घरात खोकं कोपऱ्यातून काढून टीव्हीच्या डावीकडे, भिंतीपासून हातभर पुढे आणलं आणि ती ‘घूं’ पुष्कळ उतरली.

शेवटची तपासणी कानाने करा. बातम्या देणाऱ्या एखाद्या पुरुषाचा आवाज लावा. तो खोक्यातून आल्यासारखा, मडक्यात बोलल्यासारखा वाटला तर एकतर क्रॉसओव्हर फार वर आहे किंवा सबवूफरचा आवाज जास्त आहे. मग तबल्याचं काहीतरी लावा. चाटीवरचा कडक बोल आणि डग्ग्याचा घुमारा एकाच माणसाच्या दोन हातांतून आल्यासारखे वाटले पाहिजेत. मग खुशाल ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ लावा. दणका असावा, पण शब्द बुडू नयेत. सबवूफर बंद केल्यावरच तो चालू होता हे लक्षात यावं, इतकाच त्याचा आवाज असावा.

आणि आता शेजारधर्माचं. भिंत जड असली तरी ती वरचे आवाज जास्त अडवते आणि खालचे कमी. दर सप्तकाला तिची ताकद साधारण ६ डेसिबलने घटते. म्हणून शेजारच्या घरात तुमचे संवाद पोहोचत नाहीत, ‘धम धम’ तेवढी पोहोचते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीच्या भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण हे माप ज्या पद्धतीने घेतात ती कानाच्या स्वभावानुसार खालच्या सुरांना सूट देते. ६३ हर्ट्झचा ७० डेसिबलचा सूर त्या मापात ४४ च्या आसपासच भरतो. म्हणजे मापात तुम्ही निर्दोष, आणि पलीकडे बारावीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी उशीखाली डोकं खुपसून पडलेली. तेव्हा रात्री १० नंतर सबवूफर पाच-सहा डेसिबल खाली आणा. मेनूत ‘नाइट’ नावाची सोय असेल तर ती चालू करा. ती मोठे आवाज दाबते आणि लहान आवाज वर आणते. सबवूफरखाली जाड रबर किंवा फोमचा तुकडा ठेवला तर फरशीतून जाणारा थरथराटही कमी होतो.

ज्यांच्याकडे एकाच डब्यात सगळं येणारा तयार सेट आहे किंवा साउंडबार आहे, त्यांना हे आकडे मेनूत बहुधा दिसणार नाहीत. कंपनीने ते आतच ठरवून दिलेले असतात. त्यांनी खोक्याची जागा, त्याचा आवाज आणि रात्रीची सोय, या तीन गोष्टी सांभाळल्या तरी पुरे.

भिवापूरला दुसऱ्या दिवशी सकाळी, कूलर बंद करून, मी आणि तो नातू दोन तास बसलो. स्पीकर ‘स्मॉल’ केले, धुरे आखले, खोकं सरकवलं. मधल्या स्पीकरचा आवाज दोन डेसिबल वर घेतला. नवीन काही विकत आणलं नाही. रात्री आबाजींना आग्रहाने आत बसवलं. आदल्या दिवशीचाच सिनेमा, तोच प्रसंग. नायकाचे वडील हळू आवाजात बोलले आणि आबाजी त्यावर खुदकन हसले. विनोदाचंच वाक्य होतं ते. आदल्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच कळलं नव्हतं.

सगळंच जमलं असं नाही. बायकांचे बारीक आवाजातले संवाद त्यांना अजूनही पुरते लागत नव्हते. त्यासाठी नातवाने त्यांना कान तपासायला नागपूरला न्यायचं ठरवलं. तेही योग्यच. यंत्राचा दोष यंत्रात दुरुस्त करावा, कानाचा दोष डॉक्टरांना दाखवावा. दोन्हींची गल्लत होऊ नये एवढंच. नाहीतर घरातलं म्हातारं माणूस स्वतःलाच दोष देत ओसरीत जाऊन बसतं आणि आपण आत आवाज वाढवत राहतो.

तेव्हा श्रोतेहो, आज घरी गेल्यावर रिमोट हातात घ्या आणि मेनूत एकदा डोकावून बघा. तिथे ‘लार्ज’ लिहिलेलं असेल तर ते बदलायला संकोच करू नका. स्पीकरला लहान म्हटल्याने त्याचा मान कमी होत नाही. त्याच्या वाट्याला त्याला झेपेल तेवढं काम येतं, आणि ते तो नीट करतो.